वेगळे राहणे आणि वेगळे ठेवणे

'अपार्थाइड' हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द. त्याचा सरळ अर्थ 'वेगळेपणा'. 1948 साली दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि हा साधा शब्द राज्याचे धोरण होऊन बसला. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला 'वर्णभेद' म्हटले. भाषांतर चांगले, पण एक गोष्ट त्यातून निसटते. तो शब्द चालविणारे 'भेद' म्हणतच नव्हते. ज्याचे त्याने वेगळे राहावे, असे त्यांचे सोज्ज्वळ म्हणणे!

आम्हां बेने इस्राएलांना वेगळेपणा परका नाही. कोकणात आमचे वाडवडील शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तो वेगळेपणा त्यांनी आपखुशीने पत्करला होता. परंतु आमच्याच घरात 'गोरे' आणि 'काळे' हेही शब्द होते. ज्यांची आई बेने इस्राएल नाही त्यांची संतती काळी. त्यांच्याशी सोयरीक नाही. हे वेगळेपण त्यांना विचारून दिलेले नव्हते. पुढे 1962 साली इस्राएलातील रब्बिनेटने लग्नासाठी आमच्याच वंशावळीची चौकशी लावली, तेव्हा तेच माप आमच्या अंगाला लागले. 1964 साली क्नेसेटने आमच्या समानतेचा ठराव केला, पण त्यासाठी आमच्या माणसांना जेरुसलेमात धरणे धरावे लागले.

तेव्हा वेगळेपणाचे दार कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहावे. हल्ली कोणत्याही भेदभावाला तरुण मंडळी 'अपार्थाइड' म्हणतात. ते आम्हांस रुचत नाही. 1973 साली संयुक्त राष्ट्रांनी ज्याला गुन्हा ठरविले, तो शब्द इतका स्वस्त करू नये. पण 'तसा कायदा कुठे होता?' म्हणून हात झटकणारेही आम्हांस पटत नाहीत. सस्काटूनच्या या मुलखातच पाहा. 1885 च्या उठावानंतर मूळ रहिवाशांना रिझर्व्हबाहेर पाऊल टाकायला सरकारी एजंटाचा पास लागे. असा कायदा ओटावाच्या संसदेने कधी केलाच नव्हता. चिठ्ठी आणि पोलीस एवढ्यावर वर्षानुवर्षे काम भागले.

आणि 'रिझर्व्ह' शब्दाचे पुढे काय झाले, तेही ऐकण्याजोगे आहे. 1988 साली मस्केग लेक क्री नेशनने शहराशी करार करून ऐन सस्काटूनमध्ये आपले रिझर्व्ह उभे केले. शब्द तोच, मागणारे मात्र ते स्वतः. तिथे आता कचेऱ्या आहेत, धंदे आहेत. आत जायला किंवा बाहेर पडायला कोणालाही पास लागत नाही.