वृद्धाचें ताट

आरोग्य ज्याचें त्यानें राखावें व न राखल्यास त्याचें फळ ज्याचें त्यानें भोगावें, असा एक विचार सुशिक्षित समाजांत रूढ आहे. तरुणाच्या बाबतींत तो कांहीं अंशीं शोभतो. वृद्धाच्या बाबतींत तो न्याय्य ठरतो काय?

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांना १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मोठ्या आंतड्यांतील कुजविणाऱ्या जंतूंच्या विषामुळें माणूस अकालीं म्हातारा होतो व आंबविलेल्या दुधांतील जंतू त्यांना आळा घालतात, असें त्यांचें मत होतें. ते स्वतः नित्य असें दूध घेत. १९१६ सालीं, वयाच्या ७१ व्या वर्षीं, ते निवर्तले. विरजणांतील ते जंतू आंतड्यांत घर करून राहत नाहींत, असेंही पुढें आढळलें. उत्तर चुकलें, परंतु प्रश्न व्यर्थ नव्हता.

धान्याचा कोंडा, डाळी, पालेभाज्या यांतील जो चोथा आपल्याला पचत नाहीं, तो उदरांतील अनेक जंतूंचें अन्न होय. तो आंबवून ते जीं आम्लें निर्माण करतात, त्यांवर मोठ्या आंतड्याच्या अस्तराचें पोषण होतें. २०१२ सालीं आयर्लंडमधील १७८ वृद्धांची पाहणी प्रसिद्ध झाली. आपल्या घरीं राहणाऱ्यांच्या मानानें, दीर्घकाळ शुश्रूषागृहांत राहणाऱ्यांच्या उदरांतील जंतूंची विविधता कमी होती. या फरकाचा संबंध आहाराशीं दिसला, तसा अशक्तपणाशींही दिसला. यांतील कारण कोणतें व कार्य कोणतें, हें एवढ्यावरून ठरत नाहीं. परंतु ज्याचें ताट दुसऱ्याच्या हातीं आहे, त्याच्या प्रकृतीचा दोष एकट्या त्याच्या माथीं मारतां येणार नाहीं, हें उघड आहे.

शुश्रूषागृहें दूर राहोत. आपलीं घरें पाहावीं. आजोबांचे दांत गेले कीं प्रथम भाकरी जाते, मग उसळ, मग पालेभाजी. शेवटीं मऊ भात आणि दूध एवढेंच उरतें. यांत दुष्टपणा नसतो, मायाच असते. तरी ही सोय खातो त्याची कीं वाढतो त्याची, हें स्वतःला विचारावें. वैद्यानें मना केलें असेल तर गोष्ट निराळी. एरवीं भाजी बारीक चिरून शिजविणें, उसळ घोटणें, भाकरी ताकांत कुसकरणें याला घटकाभर वेळ अधिक लागतो, इतकेंच. तो मागण्याचा वृद्धाला संकोच वाटतो. आणि हा भार एकट्या सुनेवर लोटून मुलगा मोकळा होत असेल, तर तेंही कर्तव्यपालन नव्हे.

कोणी म्हणेल, इतकें करूनही मरण टळत नाहीं. खरें आहे, मेचनिकॉफ यांनाही तें टळलें नाहीं. परंतु प्रश्न मरण टाळण्याचा नसून उरलेल्या दिवसांचा आहे. नमस्कार करणाऱ्या लहानांना वडील माणसें 'शतायुषी हो' म्हणतात. त्या लहानांनीं मोठें झाल्यावर, वडिलांच्या ताटांत काय पडतें तें रोज एकदां पाहावें, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं.