शिबिराला निघण्यापूर्वी



महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची हिवाळी शिबिरे जवळ आली आहेत. आपल्या धर्मग्रामातील काही मुले-मुली सात दिवसांसाठी सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर जाणार आहेत. त्यांपैकी एका मुलीच्या घरी लाडू-चिवड्याचे डबे भरून झाले, नवी बॅटरीही आली. पण तिच्या मनात निराळेच चालले होते. तिने आम्हाला विचारले, "फादर, मला प्रमाणपत्र मिळेल, अनुभव मिळेल, फोटो मिळतील. पाड्यावरच्या लोकांना काय मिळेल? मग कोण कोणाची सेवा करतंय?"

"देवासाठी कर, झाले!" असे सांगून हा प्रश्न मिटवता आला असता. पण तो तसा मिटण्यासारखा नाही.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी, एप्रिल १९६८ मध्ये, दूर मेक्सिकोत इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंना एका सभेत भाषणासाठी बोलावले होते. मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची ती सभा. इलिच यांनी त्यांची पाठ थोपटली नाही. पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका, असे त्यांनी तोंडावर सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही त्यांचे तुमच्याविषयी काय मत आहे हेही तुम्हाला कळत नाही. गरिबांत काम करायचेच असेल, तर जे तुम्हाला "चालते व्हा" म्हणू शकतील अशा गरिबांत करा.

हे बोलणे झोंबते. आपल्याकडे लावून पाहू या. आपल्या मुलांना मराठी येते, पुष्कळांना अहिराणीही येते. चोपडा तालुक्यातील डोंगराकडच्या पाड्यांवर मात्र घरोघरी पावरी बोलली जाते. शिबिराला सरपंच हो म्हणतात, प्राध्यापक तारीख ठरवतात, आणि नाल्यावर वनराई बंधारा घालायचे ठरते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या प्रवाहात आडव्या रचायच्या. नाल्याला धार असेल तोवरच या कामाला अर्थ. कोरड्या नाल्यात गोण्या रचून काय अडणार? धार कधी आटते हे तिथे पाणी भरणाऱ्या बाईला पक्के ठाऊक असते. तिला कोणी विचारले का? "इथे नको, वरच्या अंगाला घाला," असे तिला म्हणता येईल का, आणि ती म्हणाली तर आपली मुले गोण्या उचलून वर नेतील का? आपला हेतू किती निर्मळ आहे हे तपासत बसण्यापेक्षा हे तपासणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

हेतू तर मिसळलेलेच असतात. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, असे जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो. त्यातला 'केवळ' हा शब्द विसरू नये. प्रमाणपत्र मिळाले म्हणून बंधारा गळत नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा रविवारी गीतेवर प्रवचने देत, आणि अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी ती उतरवून घेत. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे काम कसेतरी उरकणे नव्हे, उलट ते अधिक नेटके करणे, असा विचार त्यांत आहे. फोटो निघो वा न निघो, गोण्यांमधली फट बुजलीच पाहिजे.

तरीही इलिच यांचा सल्ला आम्ही पूर्ण मानत नाही. कोणी गेलेच नाही, तर शहरातल्या मुलाला सातपुडा फक्त गच्चीवरून दिसणार. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला तरुणांसाठी शिबिर सुरू केले, तेव्हा त्याला 'श्रमसंस्कार छावणी' म्हटले. नावात सेवा नाही. संस्कार व्हायचा तो येणाऱ्यावर, आणि यजमान कोण, तर कुष्ठरोगातून बरे होऊन तिथली जमीन कसणारी माणसे. मिळवायला चाललो आहोत हे त्या नावातच मोकळेपणाने कबूल केलेले आहे.

संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शोमरोनी स्त्रीला विहिरीपाशी भेटतो, तेव्हा आधी तिच्याकडे पाणी मागतो. जिवंत पाण्याची गोष्ट नंतर येते. शिष्यांना गावोगावी पाठवतानाही तो थैली घेऊ देत नाही. जे वाढतील ते खा, म्हणतो. आपण हे मिस्सात ऐकतो, आणि शिबिराला जाताना सात दिवसांच्या बाटल्या नि डबे भरतो! (आजारी पडू नये म्हणून काळजी घ्यावी, त्याला आमची हरकत नाही.) पण कोणी दारात तांब्या पुढे केला, भाकरी वाढली, तर "नको, आमचं आहे" म्हणून हात मागे घेऊ नये. देणाऱ्याचा मान तिथल्या माणसांनाही हवा असतो.

आम्ही त्या मुलीला जायला सांगितले आहे. पावरीतले दहा-वीस शब्द तरी तिथल्या मुलांकडून शिकून ये, असेही सांगितले. परत आल्यावर साऱ्यांना मिस्सानंतर चहाला बोलावणार आहोत. किती गोण्या रचल्या हे नंतर विचारू. कोणाच्या घरी जेवलात, ते आधी विचारणार आहोत.