सहन करणे आणि गप्प बसणे



फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की आपल्या पैठणचे रूपच पालटते. दिंड्या येतात, गोदाकाठ माणसांनी फुलून जातो, टाळमृदंगाचा आवाज रात्री उशिरापर्यंत कानावर येतो. बहुतेक वर्षी नाथषष्ठी आपल्या उपवासकाळातच येते. आपण दर शुक्रवारी क्रुसाची वाट करतो आणि त्याच दिवसांत वारकरी नाथांच्या समाधीची वाट चालत असतात.

संत एकनाथांची एक गोष्ट इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. नाथ गोदावरीत स्नान करून येत आणि वाटेत एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकत असे. नाथ काही न बोलता पुन्हा स्नानाला जात. एके दिवशी असे १०८ वेळा झाले म्हणतात. शेवटी थुंकणाराच थकला आणि पाया पडला. नाथांनी राग तर धरला नाहीच, उलट तुझ्यामुळे इतक्या वेळा गोदास्नान घडले म्हणून त्याचे आभार मानले. शांतिब्रह्म हे नाव त्यांना उगीच मिळालेले नाही. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा, या प्रभू येशूच्या शिकवणीवर प्रवचन करताना मी स्वतः ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे.

पण एकदा मी ती चुकीच्या जागी सांगितली. त्याची कबुली आज तुमच्यापुढे देतो.

काही वर्षांपूर्वी एका गावात आपल्या एका वृद्ध भगिनीचा अंत्यविधी होता. दफनभूमीकडे जाणारी जुनी वाट एका शेतकऱ्याने कुपाटी घालून बंद केली होती. पावसाळ्याचे दिवस. आपल्या लोकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलाच्या ओढ्यातून नेली. दोनदा पेटी निसटता निसटता राहिली. माती देऊन झाल्यावर तरुण पोरे म्हणाली, आज रात्री कुपाटी पेटवून देतो. म्हातारी माणसे म्हणाली, सोडा, देव बघून घेईल. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नाथांची गोष्ट सांगितली, क्षमेवर चार शब्द बोललो आणि प्रार्थना केली. निघताना एक पोरगा हळूच म्हणाला, "फादर, तुम्ही आता पैठणला जाल. आम्हाला परत ह्याच ओढ्यातून यायचंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्विनास यांचा एक विचार मी अभ्यासला होता. सज्जन माणूस स्वतःवर झालेला अन्याय धीराने सोसतो. पण देवाचा अपमान आणि शेजाऱ्यावरचा अन्याय तो तसा सोसत नाही. परीक्षेत हे उत्तर लिहून मी चांगले गुणही मिळवले होते. ओढ्याच्या काठावर मात्र ते आठवले नाही.

थुंकी पडली ती नाथांच्या स्वतःच्या अंगावर. ती सोसायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता. मी ज्यांना सोसायला सांगितले त्यांचा अपमान माझा नव्हता. खरे पाहता तो फक्त त्यांचाही नव्हता. तो पेटीतल्या माउलीचा होता आणि उद्या त्याच वाटेने जाणाऱ्या लेकराबाळांचाही होता. आपला गाल आपल्याला पुढे करता येतो. दुसऱ्याची मान धरून त्याचा गाल पुढे करता येत नाही.

नाथांच्या बाकीच्या गोष्टी आठवल्या की हे अधिक स्पष्ट होते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू त्यांनी उचलून कडेवर घेतले. श्राद्धाचे अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांना आधी वाढले आणि त्यापायी ब्रह्मवृंदाचा रोष व बहिष्कार ओढवून घेतला. स्वतःवरची थुंकी सोसणाऱ्या नाथांना शेजाऱ्याची भूक सोसवली नाही. या कथा परंपरेने चालत आल्या आहेत. पण पैठणने चारशे वर्षे त्या सगळ्या एकत्र जपल्या. आपण सोयीची तेवढी एकच उचलतो.

आणि आपला प्रभू? संत योहानाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशूला हन्नापुढे उभे केले आहे. तिथे एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. येशू हात उगारत नाही, पण गप्पही राहत नाही. माझे काय चुकले ते दाखव, नसेल चुकले तर मारलेस कशासाठी, अशा अर्थाचा प्रश्न तो त्या शिपायाला करतो. बंधुभगिनींनो, ज्याने दुसरा गाल पुढे करायला शिकवले त्याचेच हे वागणे आहे. मारणाऱ्याला मारायचे नाही, पण जाब विचारल्यावाचून सोडायचेही नाही. जाब विचारणे म्हणजे समोरच्याला माणूस मानणे आहे. विचार करू शकेल, लाजू शकेल, बदलू शकेल असा माणूस. २०२५ साली देवाघरी गेलेल्या पोप फ्रान्सिस यांनी १ जानेवारी २०१७ च्या जागतिक शांतिदिनाचा संदेश अहिंसेवरच लिहिला होता. अहिंसा म्हणजे शरणागती किंवा निष्क्रियता नव्हे, हे त्यांनी त्यात आवर्जून सांगितले.

कोणी विचारील, फादर, शेजाऱ्यासाठी उभेच राहायचे तर मग कुपाटी पेटवायला काय हरकत होती? प्रश्न रास्त आहे. म्हाताऱ्यांनी 'सोडा' म्हटले ते केवळ भक्तीपोटी नव्हते. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. प्रत्यक्ष नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ठाऊक आहे की हिंसा कोणीही सुरू करो, तिची झळ पहिल्यांदा सर्वांत दुबळ्या घराला बसते. कुपाटी पेटवून पोरे रातोरात पांगली असती. सकाळी वस्तीत सापडली असती ती म्हातारी माणसे आणि बाया. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचाच गाल. आणि त्याहून मोठे कारण हे, की देवाची प्रतिमा त्या शेतकऱ्यातही आहे. त्याला जाळून आपल्याला वाट नको आहे.

या दोन टोकांमधून चालता येते हे आपल्या महाराष्ट्राने दाखवले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. कागदावरचे खरे करायला ते गेले होते. नंतर मंदिरात घुसणार असल्याची अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. सूड घेण्याइतके मनुष्यबळ बाबासाहेबांपाशी होते. त्यांनी लोकांना आवरले, पण हक्क सोडला नाही. उच्च न्यायालयात १९३७ साली त्यांच्या बाजूने निकाल लागेपर्यंत दहा वर्षे त्यांनी लढा दिला.

त्यानंतर वीस वर्षांनी, १ मे १९४७ रोजी, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचे दार गुरुजींना बंद नव्हते. हरिजनांना बंद होते. आपल्याला उघड्या असलेल्या दाराबाहेर ते दुसऱ्यांसाठी उपाशी बसले. महिनोन् महिने त्यासाठी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळवली होती. मंदिर सर्वांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला तेव्हाच उपोषण सुटले. ज्याच्यावर अन्याय झालेला नाही त्याने काय करावे, याचे उत्तर मला इथे सापडते. त्याने इतरांना सहन करायला शिकवू नये. स्वतः थोडे सहन करावे.

दुसऱ्यांच्या देवळांविषयी बोलून थांबलो तर ते ढोंग ठरेल. डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या कॅथॉलिक बिशप परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद ख्रिस्तसभेतही शिरला आहे हे मान्य केले. एकाच कॅलिसमधून जीवनदायी रक्त घेणारे आपण सोयरीक जुळवताना काय विचारतो, हे ज्याने त्याने आपल्या मनात पाहावे.

दोन दिवसांनी मी त्या गावी परत गेलो. आधी त्या पोराची क्षमा मागितली. मग आम्ही आठ-दहा जण दिवसाउजेडी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. कुपाटीला हात लावणार नाही, पण वाटेवरचा हक्कही सोडणार नाही, असे सांगून आलो. तहसीलदारांकडे अर्ज दिला. दर रविवारी आपली माणसे त्या कुपाटीपाशी बसून रोझरी म्हणू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी शिव्या दिल्या. पोरांनी त्या ऐकून घेतल्या. या वेळी त्या सोसायचे त्यांनी स्वतः ठरवले होते, मी सांगितले नव्हते. पुढच्या पावसाळ्याआधी वाट खुली झाली. मने खुली झाली असे मी म्हणणार नाही. तो शेतकरी आजही काही जणांशी बोलत नाही. पण त्याच्या घरी कोणी आजारी पडले तर आपली माणसे विचारपूस करायला जातात.

या उपवासकाळात एखादा अन्याय पाहून गप्प बसावेसे वाटले, तर प्रत्येकाने स्वतःला विचारावे: मी जे सोसतो आहे ते माझे आहे की दुसऱ्याचे? माझे असेल तर क्षमा करण्याचे बळ प्रभू देवो. दुसऱ्याचे असेल तर हात न उगारता, त्याच्या शेजारी उभे राहून जाब विचारण्याचे धैर्य तो आपणा सर्वांना देवो, आणि सर्वांत आधी तुमच्या धर्मगुरूला देवो. आमेन.

ख्रिस्तात तुमचाच,
फादर