स्कोअर काय झाला?

पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये अनोळखी माणसाशी बोलायला एकच प्रश्न पुरतो : 'स्कोअर काय झाला?' त्याला नाव, गाव, पगार काही लागत नाही. हल्ली मात्र उलटा प्रश्न येतो, 'तुम्ही कुठल्या ॲपवर बघता?' आणि तिथून पंथ पडतात. क्रिकइन्फोवाले स्वतःला सनातनी समजतात, कारण त्यांचे दैवत १९९३ सालचे. २००४ साली निघालेल्या क्रिकबझचे भक्त म्हणतात, 'आमच्याकडे आधी कळतं!' नुसते गुगलला विचारणारे तिसरे. ते चालता चालता देवळाबाहेरूनच नमस्कार करणाऱ्यांपैकी.

मी बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम. मला धावफलक म्हणजे शुद्ध द्विनोंदी हिशेब वाटतो. फलंदाजाच्या खाती जमा झालेली धाव गोलंदाजाच्या नावे पडते. लेगबाय तेवढी किरकोळ खर्चात. तिसऱ्या पंचाकडे गेलेला निर्णय काही काळ उचंत खात्यात. हा हिशेब शेवटी सगळ्याच ॲपांचा सारखा जुळतो. मग निवडायचे कशावरून? वेगावरून, असे सगळे म्हणतात. आणि वाचकहो, नीतिशास्त्राला इथेच सुरुवात होते.

इंटरनेटवरून येणारे चित्र सांकेतिक गाठोड्यांत बांधले जाते आणि मुक्काम करत करत आपल्यापर्यंत येते. आकडा बिचारा सडाफटिंग, बिनसामानाचा. तो पुष्कळदा आधी पोचतो. त्यामुळे एकाच घरात दोन वर्तमानकाळ नांदू लागतात.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. बाहेरच्या खोलीत अण्णा, म्हणजे आमचे वडील, इंटरनेटवरचे प्रक्षेपण लावून हात जोडून बसलेले. स्वयंपाकघरात माझ्या हातात ॲप. त्यांचा हार्दिक पंड्या अजून धावत यायचा होता आणि माझा मिलर बाद झाला होता.

"काय रे, होईल ना आपलं?" अण्णांनी विचारले.

'आउट झाला' म्हणावे तर त्यांचा झेल मी चोरला. 'काय माहीत' म्हणावे तर ते खोटे. धर्मराजाच्या सोयीला निदान एक हत्ती तरी होता. मी म्हणालो, "अण्णा, चहा टाकू का?" रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

मग त्यांच्या पडद्यावर सूर्यकुमारने सीमारेषेपाशी चेंडू धरला, वर उडवला, दोरीबाहेर जाऊन परत आत आला आणि पुन्हा धरला. अण्णा गुडघे विसरून उभे राहिले! माझ्या ॲपवर त्या सगळ्याचे एक अक्षर आले होते : डब्ल्यू.

तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे, की टाकून झालेल्या चेंडूसाठी जोडलेले ते हात फुकट गेले का? मुदत उलटलेला चेक आम्ही परत करतो. पण प्रार्थनेला तो नियम लावायला मन धजत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुढे गोष्ट अजून घडायचीच असते, आणि ती घडताना आपण तिथे असावे एवढेच माणूस मागत असतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून सामना सांगत, तेव्हा विकेट अख्ख्या आळीला एकदमच कळे. कोणी कोणाच्या पुढे नव्हते, म्हणून तोंड मिटून बसायचे पुण्य मिळवायची संधीही कोणाला नव्हती.

तेव्हा माझा सल्ला विचाराल तर लोकलमध्ये सर्वांत वेगवान ॲप वापरावे. तिथे सगळेच भुकेले. घरात मात्र ज्याचा चेंडू सर्वांत उशिरा पडतो त्याच्या घड्याळाने चालावे. खातेदाराची शिल्लक मला त्याच्या आधी दिसते. म्हणून काही मी ती काउंटरवरून ओरडून सांगत नाही. त्याचा नंबर आला, की त्याची त्याला दाखवतो.