तुले येस

हुशार पोराला शाबासकी द्यायला गुरुजींना काही लागत नाही. पोराने पाढे धडाधड म्हटले की 'शाबास' आपोआप तोंडातून निघतं. अवघड जातं ते मागच्या रांगेतल्या पोराचं. ज्याला अजून काहीच येत नाही त्याला 'तुला येतं' म्हणणं खरं की खोटं? आणि खोटं असेल तर शिक्षकाने ते बोलावं का?

आमच्या शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरात हा प्रश्न दरसाल दिवाळीनंतर वर्गात येऊन बसायचा. इथे सातपुडा तापी परिसर साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की भोंगा वाजायचा, ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहायच्या. त्यांतली चार-दोन पोरं शाळेत यायची. आधीच आमच्या वर्गात कोणाच्या घरी गुजरी, कोणाच्या घरी अहिराणी. ही पोरं पावरी नाहीतर भिलोरी बोलणारी. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच, पुण्याच्या मराठीतलं. त्या पोरांची पहिली झुंज भाषेशी असायची. गणित, भूगोल नंतर. ते गप्प बसलं की आम्ही त्याला 'ढ' म्हणून मोकळे.

असंच एक पोर चौथीत आमच्यासोबत होतं. वाचायला उभं राहिलं की अडखळायचं, वर्ग हसायचा. गुरुजींनी एकदा पुस्तक मिटवलं आणि म्हणाले, "तुले येस. दम खा, मंग बोल." अहिराणी काही त्या पोराची भाषा नव्हती. पण गुरुजी पुस्तकाच्या भाषेवरून एक पायरी खाली उतरले, हे त्याला कळलं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या बापाच्या गाडीत मोळ्या किती बसतात? तीन खेपा झाल्या तर किती?" पोराने आकाशाकडे बघितलं, बोटं हलवली आणि बरोबर आकडा सांगितला. वर्गातल्या अर्ध्या पोरांना तो आला नसता.

म्हणजे 'तुले येस' हे खोटं नव्हतं. त्याला येत होतंच. शाळेने त्याला येतं ते कधी विचारलं नव्हतं, इतकंच. त्यानंतर शाळा सुटल्यावर गुरुजी त्याला अर्धा तास थांबवून घ्यायचे. मला वाटतं, उत्तर त्या अर्ध्या तासात आहे. 'तुला येतं' ही बातमी नसते, ती जबान असते. देणारा तिच्यात बांधला जातो. बोलून निघून गेला तर ते खोटं. बोलून थांबला, तर हळूहळू खरं होतं.

थोरामोठ्यांच्या गोष्टींतही हेच दिसतं. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला.

आपल्या शेजारचं उदाहरण डॉ. राजेंद्र भारूड यांचं. साक्री तालुक्यातलं सामोडे हे त्यांचं गाव. जन्माआधीच वडील गेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. ते पाचवीत असताना शिक्षकांनी आईला सांगितलं की पोरगा हुशार आहे, त्याला चांगल्या शाळेत पाठवा. त्यातून अक्कलकुव्याचं नवोदय विद्यालय, मग मुंबईला डॉक्टरकी, मग आयएएस. पुढे ते याच नंदुरबार जिल्ह्याचे कलेक्टर होऊन आले. एकट्या बाईला 'पोर दूर पाठव' म्हणणं सोपं नाही. उद्या पोराचं काही बरंवाईट झालं तर तिने कोणाला बोल लावला असता?

कोणी म्हणेल, भारूड हुशारच होते, शिक्षकांना ते दिसले. जे दिसत नाही त्याचं काय? बरोबर आहे. मोळ्या मोजणारं आमच्या वर्गातलं ते पोर कलेक्टर झालं नाही. तीन हंगाम आलं, सातवीपर्यंत कसंबसं शिकलं आणि बापाचा कोयता हातात घेतला. आज तो वजनकाट्याची पावती स्वतः वाचतो. मुकादमाने उचलीचा हिशोब मांडला की हा आपली वही काढतो. त्याच्या टोळीतली माणसं पावती त्याच्याकडे घेऊन येतात. गुरुजींचा अर्धा तास वाया गेला असं कोणी म्हणून दाखवावं.

आपण मात्र उमेद बक्षिसासारखी वाटतो. आधी मार्क आण, मग पाठ थोपटू. ज्याची पाठ कोणी थोपटत नाही त्याला मार्क मिळणार कुठून? तहान लागलेल्याला आधी विहीर खणून दाखव म्हणण्यातला हा प्रकार.

शिक्षकांची अडचणही खोटी नाही. एका वर्गात चाळीस-पन्नास पोरं, वर कागदं, निवडणुकीचं काम, जनगणना. सगळ्यांसाठी रोज थांबणं होत नाही. म्हणून गुरुजींना आणि घरच्यांनाही एवढंच म्हणणं: जबान थोड्यांना द्या, पण दिली की पुरी करा. आणि त्या थोड्यांत एक तरी मागच्या रांगेतला असू द्या.