जोडाच्या कडेचा टाका

गेल्या मार्गशीर्षात माझ्या थोरल्या बहिणीने आपल्या नातवासाठी गोधडी शिवावयास घेतली, तेव्हा जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे चौकोन जोडून वरचा थर तयार झालेला होता, आत घालावयाची मऊ धुवट कापडे पसरून झाली होती, सर्वांत खाली एक अखंड फिके लुगडे अंथरलेले होते, आणि हे तिन्ही थर लांब कच्च्या टाक्यांनी टाचून झाल्यावर तिने जाड सुई व अंगुस्तान माझ्या हाती देऊन मला समोर बसविले. मी सरळ एका चौकोनाच्या मध्यभागी सुई घातली. “अरे, तिथे नको,” ताई म्हणाली, “जोडाच्या कडेने घाल, सखल अंगाला.”

आपल्या आज्यांची गोधडी अशी नसे. तिच्यात धावदोरा काठापासून निघून चौकटीत चौकट करीत मध्याकडे जाई, अंगभर टाका दिसे, आणि तो दिसणे हेच तिचे सौंदर्य असे. ताईची ही रीत निराळी. दोन तुकडे जोडले की आतली दुमड एका बाजूस निजवितात, त्यामुळे जोडाचे एक अंग किंचित उंच राहते व दुसरे सखल होते. टाका त्या सखल अंगाला, उंचवट्यास अगदी खेटून पडला म्हणजे सुईला दुमडीचे जादा थर भेदावे लागत नाहीत आणि दोरा त्या बारीकशा चरात बुडून जातो. शिवणयंत्रावर हेच करताना ती दोन्ही हातांनी जोड हलकासा फाकवून धरी, त्या फटीत टीप पडू देई, आणि हात सोडताच कापड पुन्हा मिटून टीप झाकून टाकी. आरंभ मधल्या लांब जोडापासून, मग क्रमाने बाहेर. कारण यंत्राखाली वरचा थर आणि खालचा थर सारख्या गतीने सरकत नाहीत, आणि काठाकडून आत येऊ लागले तर साऱ्या चुण्या मध्यभागी साचतात.

टाका नेमका हद्दीवर घालावा, तुकड्याच्या अंगावर घालू नये, हा दंडक माझ्या मनातून दोन रात्री हलेना. आणि मग बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातील, महावग्गातील, एक जुनी कथा आठवली. मगधातील शेते बांधांनी आखलेली पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला विचारले की, भिक्षूंची चीवरे या धर्तीवर करता येतील काय. आनंदाने तशी चीवरे करून दाखविली, आणि थोडक्यात सांगितलेले विस्ताराने जाणणारा म्हणून त्याची प्रशंसा झाली. संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक ही तिन्ही वस्त्रे कापून शिवलेली असावीत असा शिरस्ता तेव्हापासून पडला. कापल्याने वस्त्र श्रमणाला साजेसे होते आणि वैऱ्याला त्याची हाव सुटत नाही, हे कारण तेथेच नमूद आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्याने घरदार सोडले, जमीनजुमला सोडला, ज्याच्या नावे कोणत्याही दफ्तरात टीचभर भूमी उरली नाही, त्याने शेताची आखणी अंगावर का वागवावी? उत्तर भाताच्या खाचरांपाशी उभे राहिल्यावर मिळते. मोजणीदाराला बांध म्हणजे हद्दीची खूण. पण खाचरात पाणी ठरते ते बांधामुळे, आणि शेजाऱ्याकडे जाण्याची वहिवाटही त्याच बांधावरून असते. वेगळे करणारी रेघ आणि सांधणारी रेघ तेथे एकच आहे, आणि चीवराची शिवण नेमकी त्या रेघेवरून जाते.

मग पुढला प्रश्न उभा राहतो: अशी सांधलेली वस्तू खरोखर एक झाली काय? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा दाखला देऊन सांगितले की चाक, आस, दांडी यांच्यापलीकडे रथ म्हणून काही सापडत नाही, ते केवळ व्यवहारातले नाव. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते तंतूंहून पट हे निराळे द्रव्य असून ते तंतूंच्या ठायी समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहते, आणि न्यायसूत्रात याला प्रमाण दिले आहे ते धारण व आकर्षण यांचे, म्हणजे एक भाग धरून ओढला असता सगळी वस्तू येते. परंतु भाष्यकार वात्स्यायनाची थोरवी अशी की, आपल्याच पक्षाच्या या युक्तीवर त्याने हरकत घेतली: लाखेने चिकटविलेले गवत, दगड आणि लाकूडदेखील एकत्र ओढले जाते, आणि तेथे तर नवे द्रव्य उपजलेले नाही, तेव्हा धारण-आकर्षणाचे कारण ‘संग्रह’ होय. ताईने कोपरा धरून गोधडी झटकली आणि सगळे चौकोन एकदम उचलले गेले, तेव्हा मला हा संग्रहच डोळ्यांपुढे दिसला. गोधडीचे ऐक्य पटासारखे उपजलेले नाही, रथासारखे नुसते नावाचेही नाही. ते धरून ठेवलेले ऐक्य आहे, ते उसवते आणि पुन्हा घालता येते. कुटुंबाची, गावाची, संप्रदायांची बहुतेक ऐक्ये याच जातीची असतात, आणि त्यांना समवायाची प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या आग्रहापायी आपण तुकड्यांच्या अंगावर टाके घालीत सुटतो, असे मला मनापासून वाटते.

या रीतीची मर्यादाही ताईनेच दाखविली. चौकोन फार मोठे असले आणि आत पिंजलेला कापूस असला, तर नुसत्या कडेच्या टाक्यांनी तो आवरत नाही. चार धुण्यांत गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतो, आणि मग मधोमध टाका घालावाच लागतो. आतले जुने कापड त्या मानाने जागा धरून राहते. तरी तिने चौकोन वीतभरच ठेवले होते.

चौथ्या दिवशी शेवटचा जोड संपला. वरून पाहता टाका दिसेना. दोन ठिकाणी मात्र माझा दोरा चरातून निसटून जांभळ्या चौकोनाच्या अंगावर चढला होता. उसवावे म्हणून मी कात्री उचलली, तो ताईने गोधडीच उलटी केली. पाठीच्या अखंड लुगड्यावर सगळे बांध उमटले होते, शेते तेवढी नव्हती, आणि त्या बांधांत माझी वाकडी रेघही होती. “ही बाजू बाळाच्या अंगाला लागणार,” ती म्हणाली, “गाठी तेवढ्या आत ओढून घे.”