मलंगाच्या वेषातले दत्तप्रभू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तमंडळींनो, जयंतीच्या सप्ताहात आपण गुरुचरित्र वाचतो. ९ व्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा रजक भेटतो. त्याला राजवैभवाची इच्छा होते आणि पुढचा जन्म यवन राजकुळात मिळतो. ५० व्या अध्यायात तोच बिदरचा राजा होऊन, मांडीवरच्या स्फोटकाने हैराण होऊन गाणगापुरी येतो. नृसिंह सरस्वती त्याचा धर्म विचारत नाहीत. जुन्या सेवकाला मारावी तशी हाक मारतात. राजाला पूर्वजन्म आठवतो, व्याधी जाते. पुढे महाराज त्याच्याबरोबर बिदरलाही जातात.

पारायणात हे वाचताना आपले डोळे भरून येतात. मग पोथी बाजूला ठेवून मोबाईल हातात घेतला की काय होतं?

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला : ‘यांच्याकडून काहीही घेऊ नका.’ उत्सवाचे हार आम्ही तीन पिढ्या एकाच मुसलमान फुलवाल्याकडून घेतो. बैठकीत एकजण म्हणाला, यंदा दुसरा बघू. मी विचारलं, फुलं कधी शिळी आली? हिशेब चुकला? दोन्हीचं उत्तर ‘नाही’. मग कारण काय? कारण एकच, त्याचं नाव.

‘अहो, पण ते लोक काय काय करतात, बघता ना?’ असंही कुणी म्हणालं. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या सांभाळल्या. एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर नावे टाकायची मुभा कुठल्याच बँकेत नाही. ज्याने गुन्हा केला, त्याला कायद्याने शिक्षा व्हावी, जरूर व्हावी. पण कुठल्यातरी गावच्या गुन्हेगाराचं कर्ज आपल्या कोपऱ्यावरच्या फुलवाल्याच्या नावे मांडायचं, हा कुठला हिशेब?

हार त्याच्याकडूनच आले. दोघातिघांनी माझ्याशी बोलणं कमी केलं, ते अजून तसंच आहे. पण टोचलं ते वेगळंच. फुलवाल्याचा मुलगा आधी चार दिवस दुकानातून विचारत होता, ‘काका, यंदा ऑर्डर आहे ना?’ त्याच्यापर्यंत सगळं पोचलेलं होतं. जिथे तो लहानाचा मोठा झाला, तिथेच त्याला हे विचारावं लागलं.

दत्तसंप्रदायात हे शोभत नाही. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी एकनाथांना दत्तदर्शनाला घेऊन गेले, तेव्हा प्रभू मलंगाच्या वेषात आले, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. नाथ आधी बिचकले, मग त्यांना ओळख पटली. त्याच नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघं एकमेकांना खडे बोल सुनावतात आणि शेवटी गळाभेट घेतात. मतभेद लपवलेले नाहीत, पण माणूस तोडलेला नाही. दत्तावतार मानले जाणारे माणिकप्रभू १८१७ साली दत्तजयंतीलाच जन्मले. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात त्यांच्या सकलमत संप्रदायाने कुठल्याच मताची निंदा करायची नाही, असं शिकवलं. त्यांच्या दरबारात मुसलमान भक्तही येत.

प्रभू कुठल्या वेषात दारी येतील, हे आपल्याला ठाऊक नसतं. दारावरून वेष बघून हाकलून दिलेला माणूस कोण होता, हेही मग कळत नाही. म्हणून भिक्षेकऱ्याला विन्मुख पाठवू नये, असं आपल्या घराघरांत सांगतात.

तेव्हा या जयंतीला तीन गोष्टी करू या. द्वेषाचा मेसेज आला, तर पुढे पाठवायचा नाही. ओळखीच्याने पाठवला असेल, तर त्याला एकट्याला फोन करून शांतपणे बोलायचं, चारचौघांत अपमान नको. आणि पाळणा झाल्यावर सुंठवड्याची पुडी शेजारच्या मुसलमान घरी आपण स्वतः नेऊन द्यायची, दोन मिनिटं बसायचं, मुलांची चौकशी करायची. घेणं न घेणं त्यांच्या मर्जीवर. आपण दार वाजवलं, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!